पुलासकट

माझ्या भावाने लढाई थांबवली. हे बाहेर बोलायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून तर सांगते.

दादाचा पाण्याच्या पंपांचा धंदा. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींवर त्याचेच पंप. पलीकडचे डीलर, आमच्या घरी सगळे त्यांना 'पंपकाका' म्हणतात, वीस वर्षांच्या ओळखीचे आणि आता तिकडच्या मंत्र्याचे व्याही. दोन्ही सरकारांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, तेव्हा आमच्याकडचे एक साहेब साध्या शर्टात दुकानात आले. "मिळेल ते घ्या, पण बंदुका थांबवा," म्हणाले. दादाने मलाही सोबत घेतलं, कारण दुकानाची पत्रं मीच लिहिते. शिवाय माझा मुलगा आघाडीवर होता. निघताना दादा म्हणाला, "तुझ्या पोराला घरी आणतो. मामा आहे मी त्याचा."

तिसऱ्याच देशातल्या हॉटेलात, मंगळवारी सकाळी, पंपकाकांनी कागद पुढे सरकवला. उद्या सहापासून गोळीबार बंद, जो जिथे आहे तो तिथेच. आम्हाला हवं होतं ते सगळं एका पानात. मी पेनाचं टोपण काढलं.

टेबलाखाली दादाने माझ्या पायावर पाय दिला. दुकानात गिऱ्हाईक मनासारखा भाव बोललं की देतो, तसा. अर्थ एकच: चेहरा पाड. पहिल्या भावाला हो म्हणणारा बुडाला, हे वडिलांनी आम्हा दोघांकडून लहानपणीच घोटून घेतलेलं.

"काका, पुलाचं काय?" दादा म्हणाला. "नदीवरचा पूल उघडणार नसाल, तर मी माघारी जाऊन काय सांगू?"

"पूल अवघड आहे हो."

"मग विचार करा. शुक्रवारी बसू."

खोलीत आल्यावर मी तणतणले. "दादा, अरे ते देत होते ना!"

"एवढ्या सहज देतायत म्हणजे अजून आहे त्यांच्याकडे," तो म्हणाला आणि त्याने चहा मागवला. त्याचा सौदा कधी फसला नव्हता. मी चहा प्यायले.

शुक्रवारी पूल मिळाला. माझं पोर गुरुवारी दुपारीच गेलं होतं.

महिन्याभराने पंपकाका भेटायला आले, त्याच पुलावरून. स्वयंपाकघरात बसले, पाणीसुद्धा घेईनात.

"ताई, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. पूल मंगळवारीच माझ्या खिशात होता. पण न मागता दिला असता, तर तुमच्या दादाला वाटलं असतं, माल हलका आहे. आणि त्यांनी मागितल्यावर लगेच दिला असता, तर आणखी काही मागितलं असतं."

दादा शेजारीच होता. त्याने मान वर केली. "म्हणजे माझा अंदाज बरोबर होता," तो बोलून गेला, आणि मग तोंडावर हात ठेवून ढसाढसा रडला.

मला त्याची कीव आली नाही. अजून येत नाही. त्याच्याशी मी बोलत नाही, त्याचं तोंड बघत नाही. पण त्या मंगळवारी टोपण परत लावलं ते मीच, आणि चेहराही छान पाडला होता.