जातीने हजर राहावे

नोटीस लिहावी तर मीच, हे आमचे साहेबसुद्धा मान्य करतात. नगरपालिकेत कारकून म्हणून बावीस वर्षं हेच काम करते आहे. माझ्या नोटिशीत चूक सापडली तर नाव बदलून ठेवीन, असं मी नव्या कारकुनांना बजावते आणि ते बिचारे मान डोलावतात.

शेजार-समितीची योजना आली तेव्हा तिची नोटीसही अर्थात माझ्याकडेच आली. योजना सरळ होती. वस्तीतलं बंद पडलेलं पंपघर रहिवाशांना बसाउठायला द्यायचं, पण समितीत दोन्ही गल्ल्यांतली माणसं हवीत: पुढच्या गल्लीतली जुनी आणि मागच्या गल्लीत गेल्या दहा वर्षांत कुठून कुठून येऊन राहिलेली. मी पुढच्या गल्लीतली. सासूबाई गेल्यापासून माझे सासरे दिवसभर जिन्याच्या पायरीवर बसून असतात, कुणी काही विचारलं तर नुसतं हूं म्हणतात. पंपघर मला त्यांच्यासाठी हवं होतं, उगाच कशाला लपवू?

पहिल्या बैठकीला अकरा जण आले. सगळे पुढच्या गल्लीतले, त्यातले चार माझ्याच घरचे. मागच्या गल्लीतलं कुणी फिरकलंसुद्धा नाही.

"त्या लोकांना यायचंच नसतं," साहेब म्हणाले. "प्रतिसाद नाही असा शेरा मारा आणि सही करा. मोडक्या कचरापेट्या ठेवायला मला जागा हवीच आहे."

"शनिवारी पुन्हा बैठक लावते," मी म्हटलं. "तेव्हाही कुणी आलं नाही तर मारीन शेरा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तडक मागच्या गल्लीतली बेकरी गाठली. बेकरीवाल्या वहिनींचा शब्द त्या गल्लीत कुणी मोडत नाही. मराठी त्या इथे आल्यावर शिकल्या, अर्धी गिऱ्हाइकांकडून आणि अर्धी शब्दकोशातून. भट्टीशेजारच्या भिंतीवर माझी नोटीस चिकटवलेली होती. तिच्यातल्या एका शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"वहिनी, बैठकीला का नाही आलात?"

त्यांनी हाताचं पीठ पुसलं. "आलो असतो, ताई. पण तुम्ही लिहिलंय, जातीने हजर राहावे. मी पुस्तकात बघितलं. जात म्हणजे कोण कुठल्या लोकांतलं ते. आमच्या गल्लीत आठ तऱ्हेची माणसं. आम्हाला वेगवेगळं बसवणार का? आधीच्या गावात असंच बोलावलं होतं. आधी मोजलं, मग हाकललं."

आधी मला हसू आलं आणि ऐकता ऐकता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, जातीने म्हणजे स्वतः. दुसऱ्या कुणाला न पाठवता."

"मग स्वतः असं का नाही लिहिलं?"

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आधीचे तसं लिहीत, म्हणून मी लिहीत आले होते. मी तिथल्या तिथे नोटीस उतरवून घेतली आणि दोघींनी मिळून ती पुन्हा लिहायला घेतली. मी 'उपरोक्त विषयान्वये' म्हटलं की वहिनी मान हलवायच्या, मी खोडायचे. शेवटी तीनच वाक्यं उरली. शनिवारी दुपारी चार वाजता पंपघरात या. घरातलं कुणीही या. कुठेही बसा. तिसरं वाक्य त्यांचं.

शनिवारी सासऱ्यांना जवळजवळ ओढतच नेलं. चार वाजले तरी आमचीच मंडळी. साहेब घड्याळाकडे बघून माझ्याकडे बघत होते, आणि मी दाराकडे. सव्वाचारला वहिनी आल्या, अंगावर पिठाचा एप्रन तसाच. त्यांच्यामागून गादीवाला, घड्याळवाला, दवाखान्यातल्या दोघी बहिणी, आणि मग मी मोजायचं सोडून दिलं. काठी टेकत आलेल्या एक आजी नेमक्या सासऱ्यांच्या बाकापाशी थांबल्या. सासरे सरकले आणि म्हणाले, "बसा, इथे वारा छान येतो." कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं आख्खं वाक्य.

मग साहेबांनी हजेरीचा कागद पुढे केला. वहिनींनी पेन उचललं आणि त्या थबकल्या. मी डोकावून पाहिलं. छापील रकान्यावर लिहिलं होतं, 'जातीने / प्रतिनिधीमार्फत'. नोटीस बदलली, हा कागद बघायचा राहूनच गेला. मागच्या गल्लीतली सगळी माणसं वहिनींच्या तोंडाकडे बघत होती.

वहिनींनी एप्रनच्या खिशातून लाल पेन्सिल काढली. 'जातीने' खोडलं, वर 'स्वतः' लिहिलं आणि खाली सही केली.

"छापील नमुन्यात खाडाखोड चालत नाही," साहेब म्हणाले.

"कारकुनाची सही असेल तर चालते, साहेब. नियम आहे," मी म्हटलं.

मी वहिनींच्या हातातली पेन्सिल घेतली, समासात 'दुरुस्ती मान्य' असं लिहिलं आणि त्याखाली माझी सही केली.