वांग्याच्या भाजीतली पाल

कडूबाने मास्क हनुवटीखाली ओढला, चुलवणावरच्या कढईशेजारी जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं,

“कोरोना अमडापुरात येऊच शकत नाही. आला, तर शिवेवरच मले त्याचा वास येईन.”

भोवतालच्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या. मग ते खोकायला लागले, कारण कढईतला लसूण करपला होता. आचारी तुळशीरामने डोळे पुसत घाईघाईने वांग्यांची टोपली तिच्यात उपडी केली. बांधावरच्या म्हशीनेही तोंड फिरवलं. धुराच्या मधोमध कडूबा तेवढा प्रसन्न उभा होता.

त्याच्या नाकाबद्दल गावात दुमत नव्हतं. लग्न असो की तेरावं, कडूबाने भाजी पास केल्याशिवाय पंगत बसत नसे. चाखणं हा नुसता उपचार. खरा निकाल नाक आधीच देऊन मोकळं व्हायचं. एका लग्नात त्याने मांडवाच्या बाहेरूनच वरण परत पाठवलं होतं. कौतुक करणं मात्र त्याला जमत नसे. ‘चालते’ हा त्याचा सगळ्यात वरचा शेरा, आणि तो मिळालेले आचारी पार चिखलीपर्यंत भाव खात. त्याची बायको गोजरबाई हिला चाळीस वर्षांच्या संसारात तोही मिळाला नव्हता.

आजचं रोडग्यांचं, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण माणिकरावांचं होतं. वर्षभर घरात कोरोना शिरला नाही तर मळ्यातल्या मारुतीपुढे रोडग्यांची पंगत घालीन, असा नवस ते बोलले होते. वर्ष भरलं, कोरोना शिरला नाही, आणि चिखलीत पुन्हा पेशंट वाढायला लागले त्याच आठवड्यात नवस फेडायचं ठरलं. परवानगी पन्नास माणसांची होती. माणिकरावांनी पन्नासच बोलावली होती. बाकीची आपल्या मनाने आली होती. लिंबाखाली मांडीला मांडी लावून सगळे पंगतीला बसत होते. पहिल्या ओळीत माणिकरावांची आई, अन्नपूर्णाबाई. वय ऐंशीच्या पुढे, दमा जुना, श्वासाचा पंप कमरेच्या पिशवीत. भाजी पास करणाऱ्यानेच पहिली पळी सगळ्यात वडील माणसाला वाढायची, आणि वाढताना खाली वाकून ‘कशी झाली, माय?’ असं विचारायचं, ही तिथली रीत होती.

गोजरबाई पलीकडे बायकांमध्ये बसून निखाऱ्यातून काढलेल्या रोडग्यांवरची राख झटकत होती. आज ती खुशीत होती. सकाळी घाईत चहात साखर टाकायची राहून गेली होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा कडूबाचा कप रिकामा झालेला होता. एका शब्दाने बोलला नाही. वय झालं की माणूस सुधारतो, असं तिने सुनेला, जयमालाला, सांगितलंसुद्धा. जयमालाने नुसतं “बरं झालं, आत्याबाई” म्हटलं होतं.

तुळशीरामने पळीभर रस्सा कडूबाच्या तळहातावर ओतला आणि मान खाली घालून उभा राहिला. आज आपली धडगत नाही, हे तो धरूनच चालला होता.

कडूबाने डोळे मिटले. तळहात चाटला.

“वा,” तो म्हणाला. “झकास झाली.”

तुळशीराम घाबरला.

“भाऊ, रागावले काय?”

“काऊन रागावू? लाख भाजी केली तू. आण ते पळी इकडं.”

गोजरबाईच्या हातातला रोडगा राखेत पडला. बिनसाखरेचा चहा. करपलेला लसूण. आणि आता हे ‘झकास’. मागच्या आठवड्यात जयमाला फोनवरून काहीतरी वाचून दाखवत होती. ताप येतोच असं नाही म्हणे, एखाद्याचा नुसता वास जातो, चव जाते, आणि तो मात्र गावभर वाटत हिंडतो. गोजरबाई तेव्हा शेंगा फोडत होती. अर्धंच ऐकलं असं तिला वाटलं होतं. सगळं ऐकलेलं होतं, हे आत्ता कळलं.

कडूबा भाजीचं पातेलं घेऊन पहिल्या ओळीकडे निघाला होता. मास्क हनुवटीखालीच. अन्नपूर्णाबाईंनी मान वर करून हसायला सुरुवातही केली होती.

कोरोना म्हणून ओरडता आलं असतं. पण त्यावर गावात मतभेद होते. काहींच्या मते तो नव्हताच, काहींच्या मते तो फक्त शहरातल्या लोकांना होत होता, आणि कडूबाच्या मते तो शिवेवर अडणार होता. एवढ्यांची समजूत घालेपर्यंत पंगत जेवून, विडे खाऊन उठली असती.

पालीबद्दल गावात मतभेद नव्हते.

“भाजीत पाल पडली,” गोजरबाई उभी राहून म्हणाली. “म्या पाह्यली. कोणी खाऊ नका.”

पंगत एका दमात उठली. तीन जणांनी शेपूट पाहिल्याचं लगेच सांगितलं. एकाने रंगही सांगितला. माणिकरावांनी पळीने कढई तळापर्यंत ढवळली. काही सापडलं नाही, तेव्हा ‘विरघळली असन’ असा निष्कर्ष निघाला आणि उरलेसुरलेही चपला शोधायला लागले. अन्नपूर्णाबाईंना नातसुनांनी ऑटोत बसवून घरी नेलं. जाताना म्हातारी आपल्या रिकाम्या पत्रावळीकडे वळून वळून पाहत होती.

“पाल असती तर मले वास नसता आला?” कडूबा पातेलं हातात धरून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता. एरवी या प्रश्नावर माणसं थांबली असती.

गोजरबाईने त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे बोलावलं. पदर नाकातोंडावर घट्ट धरला. स्वयंपाकाच्या सामानातली हिंगाची डबी उघडून ट्रॉलीच्या फळीवर ठेवली आणि चांगली चार पावलं मागे सरली.

“हे हुंगा.”

“काऊन?”

“हुंगा म्हणते ना.”

कडूबाने डबी नाकाशी नेली. एकदा हुंगली. मग दम धरून पुन्हा हुंगली. डबी उन्हाकडे धरून आत हिंगच आहे ना, ते पाहिलं. चिमूटभर जिभेवर ठेवला. गोजरबाईला तेवढ्या लांबून, पदरातूनही तो नाकात झोंबत होता.

“जुना हाय हिंग,” तो म्हणाला.

“परवा आणला.”

डबीचं झाकण त्याने सावकाश लावलं. ते नीट बसलं होतं, तरी पुन्हा दाबलं.

“सकाळचा चहा?”

“बिनसाखरेचा होता.”

लिंबाखाली तुळशीराम कढई रिकामी करत होता आणि गावची कुत्री गोळा होत होती. त्यांना पालीचं काही नव्हतं. कडूबाने हनुवटीखालचा मास्क वर ओढला, नाकावर बसवला आणि वरची पट्टी दोन बोटांनी दाबली. मास्क वापरायला लागल्यापासून ही पहिलीच वेळ.

“म्हातारीजवळ नाही ना गेलो मी?”

“नाही. पाल पडली ना मधात.”

दुसऱ्या दिवशी जयमालाने त्याला तपासणीला नेलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण तिने तो लपवला नाही; कढईभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना एकेक फोन लावला. तुळशीरामचं तापावर निभावलं. अन्नपूर्णाबाईंना काही झालं नाही, आणि लसीकरण सुरू होताच म्हातारी स्वतः हट्ट करून रांगेत जाऊन बसली. पाल नव्हतीच, हेही हळूहळू गावाला कळलं. शेपूट पाहिलेले मात्र आपल्या शब्दावर ठाम राहिले. माणिकरावांनी ते प्रकरण मारुतीच्या खात्यावर जमा केलं.

कडूबा शेतातल्या मोटारीच्या खोलीत राहायला गेला. खिडकी-दार उघडं, खाटलं, पाण्याचा माठ, साबणाची वडी, आणि बोटाला लावायचं यंत्र. जयमाला सकाळ-संध्याकाळ बांधावरून आवाज द्यायची, कडूबा यंत्रावरचा आकडा ओरडून सांगायचा. आकडा खाली आला की लगेच आणायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आकडा बरा राहिला. धापही लागली नाही. नाक तेवढं परत आलं नाही.

डबा गोजरबाई न्यायची. बोरीखालच्या दगडावर ठेवून मागे सरायची. ती लांब गेली की कडूबा येऊन घ्यायचा आणि दारात बसून खायचा. आणि रोज म्हणायचा,

“चांगली झाली भाजी.”

चाळीस वर्षं जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते आता ती दिवसातून दोनदा ऐकत होती आणि घरी जाऊन न जेवता निजत होती. कारण भाजीत मीठच नसायचं. पहिल्या दिवसापासून ती त्याच्या वाट्याची भाजी अळणी ठेवत होती. मिठाची वेगळी पुडी पदराच्या गाठीला बांधून न्यायची. मागितलं तर लगेच द्यायला. पुडी रोज तशीच घरी परत यायची.

“आत्याबाई, काही लोकांचं उशिरा येते,” जयमाला म्हणायची. “डॉक्टरनंच सांगितलं.”

“हाव,” गोजरबाई म्हणायची आणि पुन्हा गाठ बांधायची.

घरी परतायची मुभा मिळाली त्या सकाळी तिने वांग्याची भाजी केली होती. सवयीने त्याची वाटी अळणीच ठेवली. डबा दगडावर ठेवून ती मागे सरली. कडूबा आला, दारात बसला. पण डबा त्याने लगेच उघडला नाही. घसा साफ केला.

“गोजर, आयक. लई दिवसांचं बोलायचं राह्यलं.”

ती बांधावर टेकली.

“चाळीस वर्षं तुह्या हातचं खाल्लं अन् चाळीस वर्षं नावं ठेवली. इथी एकटं बसल्यावर समजलं मले. गाव माह्या नाकाले मोठं म्हणत होतं, अन् मी मलेच मोठा समजून राह्यलो होतो. तू नसती तं त्या म्हातारीले म्याच वर धाडलं असतं. नाक गेलं तं गेलं. नाही आलं वापस तरी मले आता त्याचं काही नाही.”

बोलता बोलता त्याने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवून तोंडात टाकला.

“मारुतीची शपथ घेऊन सांगतो,” तो चावत चावत म्हणाला, “आजपासून तुह्या सैपाकाले...”

चावणं हळू झालं. मग थांबलं. त्याने वाटीत पाहिलं. वाटी उचलून नाकाजवळ नेली, तिथेच धरली, आणि डोळे मिटले. गोजरबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथेच थांबला.

“...नावं ठेवणार नाही,” त्याने वाक्य पुरं केलं. तुकडा गिळला. मग तिच्याकडे न बघता, जरा चाचरत, अगदी हळू आवाजात विचारलं,

“पण चिमूटभर मीठ हाय काय वं?”