सुकलेल्या गोंदाची चांदणी

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. हल्ली माझा मुक्काम होरवाथांच्या स्वयंपाकघरात, दाराजवळच्या खुंटीवर. मला जाळीला धरून उलटं टांगलंय, आणि घरातले सगळे माझ्यात हातमोजे टाकतात. पण मला टोपली समजू नका. माझ्या उजव्या कानावर एक निळी चांदणी आहे. तिची गोष्ट ऐका.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. आत मऊ गाद्या, पुढे लोखंडी जाळी बसवून मला पेनसिल्व्हेनियातल्या या पोलादाच्या गावी, शाळेच्या फुटबॉल संघाकडे धाडलं. आमचा फुटबॉल लांबट. तो हाताने फेकायचा, पोटाशी धरून पळायचं, आणि वाटेत एकमेकांवर आदळायचं. किती पोरांची डोकी मी सांभाळली! त्यांचा घाम, सामन्याआधी पुटपुटलेल्या प्रार्थना, सगळं माझ्या गाद्यांत मुरलं आहे. सामने शुक्रवारी असत. कोणी छान खेळला की सोमवारी प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटवर एक चांदणी चिकटवत. माझ्यावर पुष्कळ होत्या.

शेवटी माझी गाठ वेस होरवाथशी पडली. वेस होता सेफ्टी, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा राखणदार. त्याच्या पाठीमागे कोणी जाता कामा नये, एवढंच त्याचं काम. त्याचा मोठा भाऊ रे पुढच्या फळीत होता. रेचं शाळेचं शेवटचं वर्ष. पुढे तो मामाबरोबर छपरं घालायच्या कामाला जाणार होता, खेळ कायमचा संपणार होता. हरलं की घरी, अशा सामन्यांपर्यंत आम्ही पोचलो, तेव्हा मला डोक्यावर चढवताना वेस पुटपुटला, "रेला अजून एक तरी शुक्रवार मिळू दे."

त्या शुक्रवारी गवत गोठलं होतं. हवेतला चेंडू आपण झेलतोच, असं वेसला वाटलं. त्याने झेप घेतली. चेंडू बोटांवरून निसटला, आणि मागचा त्यांचा गडी तो घेऊन थेट शेवटच्या रेषेपार गेला.

"ए पोरा, दार लावून घे की, थंडी येतेय!" पलीकडच्या प्रेक्षकांतून कोणी ओरडलं. सगळे हसले.

रेने माझी जाळी धरून हलवली. "बारक्या, रडायचंय ते घरी. आत्ता मागं लक्ष ठेव."

आम्ही झगडून गुणांत पुढे गेलो. सामना संपत आला. आणि समोरच्या संघाच्या फेकणाऱ्याने चेंडू आपल्या धावणाऱ्या गड्याच्या पोटाशी दिल्यासारखं केलं. वेस त्याला धरायला पुढे धावला. पण चेंडू दिलाच नव्हता!

"वेस! मागं! मागं बघ!" प्रशिक्षक ओरडले.

चेंडू आमच्या डोक्यावरून चालला होता. मागे एक उंच मुलगा एकटाच, हात पसरून उभा. वेस वळला आणि पळत सुटला. गाठणं शक्य नव्हतं. तरी त्या मुलाने रेष ओलांडेपर्यंत तो पळत राहिला. मग गुडघ्यांवर बसला. माझ्या गाद्या ओल्या झाल्या.

बसमध्ये त्याने माझ्यावरच्या सगळ्या चांदण्या नखाने खरवडून काढल्या. घरी आईने बटाट्याचं सारण भरलेल्या, लोण्यात परतलेल्या पिरोगी पुढे ठेवल्या.

"एक तरी खा, वेस."

"नको, आई. पुढच्या वर्षी मी खेळणार नाही."

रे खाली मान घालून जेवत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर वेसला सोपं गेलं असतं.

सोमवारी हेल्मेटं परत करायची होती. सामान सांभाळणारे म्हातारे स्टॅनिक एकेक हेल्मेट दिव्याखाली धरून तडे शोधत होते. मला फिरवून पाहत ते म्हणाले, "याचं वय झालं. आता हे कुणाच्या डोक्यावर जाणार नाही." शाळा संपवून जाणाऱ्या मुलांना असं एक बाद हेल्मेट घरी न्यायला मिळे. रेचं स्वतःचंही बाद झालं होतं, चांदण्यांनी गच्च भरलेलं. तरी तो म्हणाला, "मला बारक्याचं द्या."

"हे? याचं तर कोणीतरी टक्कल केलंय!"

"ह्या गाढवानंच," रे शेजारच्या वेसकडे बोट दाखवत म्हणाला, आणि स्वतःच्या हेल्मेटवरची एक चांदणी अलगद सोडवू लागला.

"रे, तुझा शेवटचा सामना माझ्यामुळे..."

"गप. चेंडू वरून गेला तेव्हा आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मी पण थांबलो. तू एकटा पळत होतास. त्याची चांदणी तुला कोणी दिली नाही, म्हणून मी देतोय. ही खरवडलीस तर कानफटात खाशील."

गोंद सुकला होता. रेने ती माझ्या उजव्या कानावर अंगठ्याने दाबून धरली. बराच वेळ.

मित्रांनो, हेल्मेटाला उन्हात टाकू नका. तडा गेला असेल तर लपवू नका. आणि कुणाच्या हातून चेंडू निसटला, तर ओरडण्याआधी एवढं आठवा, की जाळीच्या मागे एक लेकराचं डोकं आहे. मी ते आतून सांभाळलंय, म्हणून सांगावंसं वाटतं.

ऑगस्टमध्ये सराव पुन्हा सुरू झाला. त्या सकाळी वेसने माझ्यातले हातमोजे टेबलावर ओतले आणि मला घटकाभर डोक्यावर चढवलं. नुकतेच धुतलेले केस होते त्याचे, अजून ओले.

"वेस, उशीर होतोय!" आईने हाक मारली.

"निघालो!"

त्याने मला खुंटीवर टांगलं, चांदणीवरून अंगठा फिरवला, आणि नवं हेल्मेट काखेत मारून, मागे दार नीट लावून घेत तो मैदानाकडे गेला.