धुरकट रिपांचं घरटं

या, जरा पुढं सरका. मृदंगवाला अजून पोचायचाय, बुवा काही इतक्यात कीर्तनाला उभे राहत नाहीत. तोवर एक गोष्ट सांगतो. आपल्या कोल्हापुरातलीच, शाहू महाराजांच्या अमदानीतली.

प्लेग ओसरला आणि इमाम सुतार बायकोला, ताजबीला घेऊन माळावरच्या झोपडीतून घरी परतला. जाताना तिघं होती. एकुलती लेक नजीरा माळावरच्या मातीत राहिली. घरात ऊन शिरून रोग मरावा म्हणून छपराची कौलं उतरवलेली. त्यांच्याखालची चिमण्यांची घरटीही गेलेली. नजीरा रोज सकाळी त्या चिमण्यांना कण्या टाकायची. आता ताजबी कण्यांची वाटी मांडीवर घेऊन रित्या अंगणाकडं बघत बसे. बोलणं नाही, धड जेवण नाही.

इमाम दिवसभर गल्लीतली छपरं शाकारून यायचा, खांदे भरून आलेले. तरी तिच्यासाठी चिमण्यांच्या घरट्याची पेटी करायला बसला. सागाच्या नव्या फळ्या घेतल्या, रंधा मारला, जवसाचं तेल पाजलं, वर महिरप कोरली आणि पेटी भिंतीला ठोकली. चिमण्या शेवग्यावर बसायच्या, पेटीकडं बघायच्या, उडून जायच्या.

शेजारच्या अक्काताई, बस्तीला, म्हणजे जैन मंदिरात जाऊन आलेल्या, कुंपणापाशी थांबल्या.

"इमाम, चिमण्यांस्नी देव्हारा केलास व्हय रं? आता समई बी लाव की."

"सागवान हाय, आक्का. काय वाईट केलं?"

"तेलाच्या वासानं माझंच डोस्कं उठलंय. त्यास्नी तुमच्या चुलीच्या धुराची सवय. आन् तोंड केवढं ठेवलंस, मांजर जाऊन झोपंल आत."

इमाम हसला नाही. हसायलाही अंगात जोर लागतो. जुन्या छपराच्या रिपा, कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, सरपणात पडल्या होत्या, धुरानं काळ्या झालेल्या. त्याच कापून त्यानं दुसरी पेटी केली. रंधा नाही, तेल नाही. दोन बोटं जातील एवढंच भोक. ठोकायच्या वेळी ताजबी आपणहून उठली आणि हातात खिळे घेऊन उभी राहिली.

काही दिवसांनी एक चिमणी चोचीत काडी घेऊन आत शिरली. ताजबीनं वाटीतल्या कण्या अंगणात टाकल्या. मग चूल पेटवली, भाकरी थापली. ताटं मात्र तीन वाढली. तिसऱ्या ताटातली भाकरी कुस्करून इमामनं चिमण्यांपुढं ठेवली, आणि दोघं जेवायला बसली.

मृदंग आला वाटतं. नीट बसा आता. पण उद्या अंगणात कण्या टाकाल, तेव्हा एक चिमूट नजीराच्या नावानं टाका.