मशीनने दिलेला नकार

ताईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबलावर भाऊजींचं गवत कापायचं मशीन होतं आणि त्याच्या इंजिनावर काळं कापड पांघरलेलं होतं. भाऊजी शाळेच्या मैदानाची निगा राखायचे. ते जाऊन सात महिने झाले होते. आता ते या इंजिनात राहतात आणि प्रश्नांची उत्तरं देतात, अशी वस्तीभर बोलवा होती. इंजिन सुरू झालं की ‘हो’, नाही झालं की ‘नाही’.

उत्तरं मिळवून देणारा गृहस्थ स्वतःला ‘मध्यस्थ’ म्हणवून घ्यायचा.

“आत्म्याला उजेड सोसत नाही,” कापडाखाली दोन्ही हात घालून तो सांगत होता. “अंधार हवा, शांतता हवी, श्रद्धा हवी. एक जरी कमी पडलं, तरी लाइन लागत नाही!”

परलोकातही लाइनची बोंब! पण हसलं कुणीच नाही.

शेजारच्या मावशींनी मुलीच्या नोकरीचं विचारलं. त्याने दोरी ओढली आणि इंजिन धडधडलं. मावशींना रडू आवरेना. ते बंद करून त्याने पुन्हा कापडाखाली हात घातले. मग ताई पुढे आली.

“अहो,” ती मशीनला म्हणाली, “डॉक्टरीणबाई म्हणतात, छातीतली गाठ काढायलाच हवी. आता तरी करू का ऑपरेशन?”

मी हादरलो. गाठीबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं.

मध्यस्थाने पाच वेळा दोरी ओढली. इंजिन ढिम्म.

“नाहीच म्हणतात,” तो हळूच म्हणाला. “मागच्या तीन वेळांसारखंच.”

ताई दवाखान्यात गेली असती, तर याचा दरबार उठला असता.

मी लहान इंजिनं दुरुस्त करतो. सुरू न होणाऱ्या इंजिनात तीनच गोष्टी आधी बघायच्या असतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी.

“कापड काढा,” मी म्हणालो.

“अनर्थ होईल!”

मी ते ओढून काढलं. टाकीत पेट्रोल होतं. हवेचा फिल्टर स्वच्छ होता. प्लगवर घट्ट बसायला हवी ती वायरीची रबरी टोपी मात्र सुटून लोंबत होती. मी प्लग खोलला. त्याचं टोक पेट्रोलने ओलं होतं.

“पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही,” मी सगळ्यांना दाखवलं. “ही टोपी निघाली की ठिणगी पडत नाही. नकार द्यायचा असला, की हा कापडाखाली टोपी उपटतो. मावशी, तुम्हीच बघा.”

प्लग पुसून बसवला, टोपी दाबली. मावशींनी दोरी ओढली. इंजिन धडधडलं. ते बंद करून मी टोपी काढली, त्यांनी पुन्हा ओढली. काही नाही.

मध्यस्थ गर्दीतून कधी सटकला, कळलंही नाही.

“पण पहिल्यांदा?” ताईने विचारलं. “तेव्हा तर मशीन खरंच बंद होतं. त्यानेच सुरू केलं.”

“पेट्रोल पडून पडून शिळं झालं होतं, ताई. त्याने ताजं भरलं असणार.”

बोलता बोलता मला आठवलं. त्याच दिवसांत तिने मला फोन केला होता. “यांचं मशीन सुरू होत नाही रे, बघून जातोस का?” मी म्हणालो होतो, पुढच्या आठवड्यात येतो. तो आठवडा उजाडायला पाच महिने लागले. मधल्या काळात तिच्या दाराशी दुसरा माणूस पोचला होता.

“म्हणजे ते नव्हतेच?”

“नव्हते, ताई.”

“मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते रे?”

इंजिन अजून कोमट होतं. त्यावर हात ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. “पहिल्यांदा आल्या तेव्हा वाटाण्याएवढी होती,” गाठ तपासून बाई म्हणाल्या. ऑपरेशन झालं, पण आजार पसरला होता. ताई आणखी अकरा महिने जगली. माझ्यावर ती कधी रागावली नाही. रागावली असती, तर बरं झालं असतं.

लोक मला अजून विचारतात, तिचा तेवढा आधार कशाला काढून घेतलास? मी सांगतो, तो आधार नव्हता, त्याने तिचे उपचाराचे महिने खाल्ले. मेलेलं माणूस कुठल्याही यंत्रातून बोलत नाही. कुणी तसं सांगितलं, तर तिथल्या तिथे तपासून बघा. आणि आपल्या माणसाने बोलावलं, तर त्याच दिवशी जा. काय होतंय ते विचारा आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.