राणी जगली होती

वालूरच्या देवळापुढच्या ओट्यावर दुपारी बायका भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसल्या, की दिनकर गुरुजी त्यांना ऐतिहासिक कादंबरी वाचून दाखवत. तेव्हा गावात टीव्ही एकच होता, तोही सरपंचाकडे. एके दुपारी कादंबरीतल्या राणीने गड पडताना आगीत उडी घेतली आणि सगळा ओटा रडला.

संध्याकाळी गुरुजींनी परभणीच्या ग्रंथालयातून आणलेला इतिहासाचा जाड ग्रंथ उघडला. त्यात तर राणी गडावरून निसटली होती. आता हे सांगावं, तर उद्यापासून आपलं ऐकणार कोण? न सांगावं, तर त्या रडण्याची फसवणूक.

"बायांनो, जरा घोटाळा झालाय," दुसऱ्या दिवशी ते खाली बघत म्हणाले. "राणी मेलीच नव्हती. पुरावा आहे. पुढं चांगली म्हातारी झाली."

गुरुजी चष्मा काढून पिशवी आवरू लागले.

"जगली का माय!" कस्तुराबाई ओरडली. "अन् मी तिच्यापायी रातभर उपाशी!"

"मंग काय केलं तिनं पुढं?" कडूबाईने विचारलं.

"थोरल्या जावेशी वतनावरून भांडली. मरेपर्यंत."

"आता कशी खरी बाई वाटायली! गुरुजी, ते जाडं पुस्तक काढा."

"फार कोरडं आहे हो ते. अर्धं पान नुसत्या तळटीपा."

"त्या बी वाचा. आमच्या शेंगा कुठं पळायल्यात?"

गुरुजी अडखळत तळटीपा वाचू लागले. जावेचं नाव आलं, की ओटा तिला मनसोक्त शिव्या घालत होता.