घरची डॉक्टरीण

माझं तोंडच वाईट. मालक होते तेव्हा म्हणायचे, "उमा, जरा दम खाऊन बोलत जा." ते गेले, आता दम खा म्हणणारं कुणी न्हाई. उदगिरात आमचं पेंड-सरकीचं दुकान. गल्ल्यावर मीच बसते, आन् गिऱ्हाईक सगळं म्हशीवाल्यांचं. म्हणून माझी लेक शिवलीला "वन्यजीव संवर्धन" शिकायला देहरादूनला निघाली, तेव्हा मला संवर्धन तेवढंच ऐकू आलं. आम्हाला ठाऊक असलेलं संवर्धन एकच, ढोरांच्या सरकारी दवाखान्याच्या पाटीवरचं. पशुसंवर्धन.

"अव्वा, ते वेगळं. हे रानातले जीव."

"वन्य का फन्य, जीवच की गं!" म्हणलं मी, आन् शिक्षणाच्या कर्जावर तिच्यासंगं सही ठोकली. त्या दिवसापासून दुकानात येईल त्याला सांगत सुटले, लेक डॉक्टरीण होऊन राहिली म्हणून.

दोन वर्षांनी ती शिकून आली तो उन्हाळा लई वंगाळ. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलेलं, आमच्या नळाला तर महिना महिना थेंब न्हाई. तरी दुकानातल्या बाकड्यावर बोलणं एकच, उदगीर जिल्हा होणार! "जिल्हा झाला की पशुसंवर्धनचं मोठं हाफिस इथं. उमाकाकू, तुमची लेकच साहेब." मी म्हणायची, "होऊ द्या की!" शिवलीला आत भांडी आपटायची.

तिला नोकरी लागली ती नांदेडला. विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी आटून राहिलं होतं, तिथं पाखरं किती उरली ते मोजायचं. पगार अठरा हजार. कर्जाचा हप्ता अकरा.

"सात हजारात खातीस काय अन् राहतीस कुठं?"

"जमवते. मी आधीच हिशेब केला होता, अव्वा. थोडी वर्षं ओढीची जातील. तुला सांगितलं होतं मी. तू गिऱ्हाइकाशी बोलून राहिली होतीस."

ते खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

त्याच आठवड्यात पशुखाद्य कंपनीचे शेषेराव दुकानी आले. आमच्याच दुकानात पांढरा कोट घालून बसायचं, कोणत्या म्हशीला कोणती पेंड ते सांगायचं, तीस हजार देतो म्हणाले. "डॉक्टरीण म्हणलं की गिऱ्हाईक डोळे झाकून घेतंय."

"मी डॉक्टर नाही," शिवलीला म्हणाली.

"लाजती हो पोरगी!" म्हणलं मी. "सोमवारी या."

मग तीन दिवस मी तिचं डोकं खाल्लं. कोट घाल, गुमान बस, कोण विचारतंय तुला? कर्जावर माझी बी सही हाय. शेवटी शनिवारी सकाळी ती "बरं" म्हणाली. माझ्याकडं न बघता. मला वाटलं, जिंकले.

दुपारी दुकानापुढं टेम्पो थांबला. आमचं जुनं गिऱ्हाईक, भुजंग. एकच म्हैस त्याची, तिच्या दुधावर घर. ती मागं आडवी, पोट फुगून नगारा झालेलं.

"डॉक्टरीणबाई हाय न्हवं घरी? लवकर बोलवा, काकू."

शिवलीला धावत आली. बघितलं मात्र, ओरडली, "मामा, मी ढोरांची डॉक्टर न्हाई! दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता!"

भुजंग माझ्याकडं बघून राहिला. "वाटंतच लागला की दवाखाना. पण म्हणलं, घरची डॉक्टरीण असताना तिथं कशाला थांबायचं?"

शिवलीला टेम्पोत चढली, म्हशीचं डोकं धरून बसली. दवाखान्याच्या दारात म्हैस गेली. अर्धा तास आधी आणायची होती, म्हणाले तिथले डॉक्टर.

पोरगी घरी आली, सरळ आत गेली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी शेषेराव कोट घेऊन आले. बाकडं भरलेलं, शिवलीला माझ्याशेजारी उभी. तेवढ्यात भुजंग आला, डोक्यावर पेंडीचं पोतं. माझ्यापुढं उतरवलं.

"शिवण बी उसवली न्हाई, काकू. परत घ्या. आता कुणाला घालू?"

मी पैसे काढले. भुजंग शिवलीलाला म्हणाला, "लेकरा, तुझा काय दोष? तू तर बघताक्षणी खरं सांगितलंस."

शेषेरावांना यातलं काय ठाऊक! त्यांनी कोट उलगडला. "डॉक्टर मॅडम, बघा बरं, अंगाला बसतोय का."

भुजंगनं कोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. शिवलीलानं कोट घ्यायला हात पुढं केला, सांगितल्याप्रमाणं.

"हात लावू नको त्याला!" मी लेकीवर ओरडले. "घेऊन जा शेषेराव. माझी लेक डॉक्टरीण न्हाई. ती धरणावर पाखरं मोजती. अठरा हजारावर."

बाकड्यावर खसखस पिकली. "पाखरं मोजायला बी पगार मिळतो व्हय?" मग एकजण म्हणाला, "अन् काकू, दोन वर्षं डॉक्टरीण डॉक्टरीण कोण म्हणून राहिलं होतं मग?"

भुजंगनं मान खाली घातली. माझी लाज त्यालाच बघवंना.

"मीच," म्हणलं.